चरणदासाचा चातुर्मास

दहिवलीत जून उजाडला की जी वस्तू जागची हलत नाही ती हिरवी होते. कुंपणाची भिंत हिरवी होते, टाकीचं झाकण हिरवं होतं, पोर्चमधल्या स्कूटरची सीट हिरवी होते. कपाटात ठेवलेला माझा लग्नातला कोट गेल्या श्रावणात बाहेर काढला तर त्यावरही बारीक लव आली होती. आमचे एक शेजारी सकाळी व्हरांड्यात पेपर वाचताना अधूनमधून खुर्ची बदलतात. उगाच जोखीम कशाला, असं त्यांचं म्हणणं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या कर्जत तालुक्यात गवत उगवू नये म्हणून काही करता आलं तर त्याला शोध म्हणावं. अशा गावात आम्ही गवत विकत आणलं.

त्याला गवत म्हणायचं नाही, लॉन म्हणायचं. कर्जत-खालापूर पट्ट्यात बंगला बांधला आणि त्यापुढे लॉन नसली तर पाहुणे चहा पिऊन लगेच निघतात. रस्त्याकडेच्या प्रत्येक होर्डिंगवर ‘सेकंड होम’ लिहिलेलं असतं आणि त्याखाली एक जोडपं हिरवळीवर कॉफी पीत बसलेलं असतं. ते गवत कोण कापतं हे होर्डिंगवर दाखवत नाहीत. आम्हीही आधी अंगणात फुकट उगवलेलं गवत मजुरी देऊन मुळासकट उपटून काढलं. मग लाल माती आणली, ती सपाट केली आणि नर्सरीतून चौरस फुटाच्या भावाने ‘सिलेक्शन नंबर वन’ जातीचं गवत आणून लावलं. जुनं गवत कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटात टाकलं. तिथे ते आठवडाभरात पुन्हा रुजलं.

हा सगळा सोहळा आमच्या मागच्या आळीतले काका बिडी ओढत बघत होते. त्यांची भातशेती आहे.

“गवत इकत आणलंत?” त्यांनी विचारलं.

“नंबर वन जात आहे,” मी म्हणालो.

“आमच्या कर्जतच्या संशोधन केंद्रात भाताच्या जाती काढतात. कर्जत तीन पेरा, कर्जत सात पेरा, शेवटी ताटात भात पडतो. तुमच्या या नंबर वनचं ताटात काय पडतं?”

मी विषय बदलला.

लॉन ही मुळात साहेबाची हौस. लंडनला वर्षभरात जो साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे जुलैचा एखादा आठवडा मनावर घेऊन पाडतो. तिथलं गवत हळू वाढतं आणि मर्यादेत राहतं. तरीही ते कापायचा त्यांना कंटाळा आलाच. इंग्लंडातल्या स्ट्राउड गावाजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र त्याने पाहिलं होतं, तीच युक्ती त्याने जमिनीवर चालवली. त्याचं यंत्र एक माणूस मागून ढकलायचा आणि जड गेलं तर दुसरा पुढून ओढायचा. म्हणजे माणसं दोन. पुढे वाफ आली, पेट्रोल आलं, वीज आली आणि माणूस एकावर आला. १९९५ साली स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने उन्हावर चालणारं, आपलं आपण फिरणारं यंत्र बाजारात आणलं आणि माणसं शून्य झाली. दोनावरून शून्यावर यायला मानवजातीला १६५ वर्षं लागली. शून्यावरून चारावर जायला आमच्या घराला एक वर्षही लागलं नाही.

त्याला निमित्त झाला आमचा जर्मनीतला भाचा. नाताळच्या सुट्टीत आला तेव्हा आमच्या तोंडी दहिवलीतला राष्ट्रीय विषय होता, ‘माणूस मिळत नाही’. गवत कापणारा एक मुलगा होता. पेट्रोलची मशीन खांद्याला अडकवून यायचा. शनिवार-रविवारी या भागातल्या सगळ्या फार्महाऊसांवर एकाच वेळी ती मशीन सुरू होतात आणि मुंबईहून शांतता ऐकायला आलेले लोक खिडक्या लावून बसतात. हा मुलगा फोनवर कधीही नाही म्हणत नसे. “येतो,” म्हणायचा. कधी, ते मात्र म्हणायचा नाही. पाऊस लागला की भातलावणीला जायचा आणि त्याचा फोन बांधावर ठेवलेल्या शर्टाच्या खिशात वाजत राहायचा.

भाचा म्हणाला, “मामा, आमच्याकडे हे काम रोबो करतो. तुम्ही फक्त बसून बघायचं.”

‘बसून बघायचं’ हे ऐकल्यावर मी पुढचं काही ऐकलंच नाही. आयुष्यभर नोकरीत मी जे केलं त्याचा अनुभव आता घरी उपयोगी पडणार होता. शिवाय भाच्याचा शब्द मोडू नये म्हणतात. किंमत किती, हे हिला अजून सांगितलेलं नाही. कंपनीचं नावही सांगत नाही, वर सांगितलेली नव्हे एवढंच.

खोक्यातून जे निघालं ते फुगवलेल्या कासवाएवढं होतं. पालथं करून पाहिलं तर पोटाखाली एक फिरती चकती आणि तिच्या कडेला स्क्रूवर सैल अडकवलेली तीन पाती. दाढीच्या पात्याएवढी. दगड लागला की ती आत मिटतात, म्हणून तुटत नाहीत. एवढ्याशा पात्यांनी गवत कापायचं तर रोज थोडं थोडं कापावं लागतं. भाच्याने लॉनच्या कडेकडेने जमिनीत तार पुरली. त्या तारेतून किंचित वीज जाते, यंत्राला ती कळते आणि ते तिच्यापुढे पाऊल टाकत नाही. बॅटरी संपत आली की ते आपणहून चार्जिंगच्या ठाण्यावर जाऊन उभं राहतं. चोरी होऊ नये म्हणून त्याला पिन नंबर असतो. कोणी उचललं तर पाती थांबतात, ते बोंब ठोकतं आणि पिन दाबेपर्यंत गप्प बसत नाही. भाच्याने पिन म्हणून आमच्या लग्नाचं साल ठेवलं, म्हणजे मी विसरणार नाही. जर्मनीत राहून त्याचा माणसांवरचा विश्वास फार वाढलाय.

हिने यंत्राला हळदकुंकू लावलं, झाकणावर स्वस्तिक काढलं आणि नवी गाडी म्हणून चाकाखाली लिंबू ठेवलं. यंत्र लिंबापर्यंत गेलं, अडखळलं, मागे आलं, पुन्हा गेलं आणि मग त्याने जी बोंब ठोकली ती मागच्या आळीपर्यंत गेली. दिवसभर नुसतं चरतं म्हणून हिने त्याचं नाव ठेवलं चरणदास.

चरणदास सरळ रेषेत चालत नाही. तो वाट्टेल त्या दिशेने जातो, तारेपाशी पोचला की थबकतो, गर्रकन वळतो आणि दुसऱ्याच दिशेला लागतो. भाच्याने समजावून सांगितलं होतं की हेच त्याचं शास्त्र. असं फिरत फिरतच तो कधी ना कधी सगळीकडे पोचतो. काका कुंपणावर कोपर टेकून बराच वेळ बघत राहिले.

“दारू पितो काय?”

“नाही हो. त्याला तसंच शिकवलंय.”

“शिकवाय लागतं?” काकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “कापलेला गवत कुठाय? म्हशीला नेतो.”

“गवत राहत नाही काका. तो इतकं बारीक कापतो की ते मातीत जिरून जातं. त्याचंच खत होतं.”

“खत कशाला?”

“गवत वाढायला.”

“आनि वाढला की?”

“मग तो कापतो.”

काकांनी बिडी विझवली. “म्हंजे म्हशीला काय नाय,” असा त्या सगळ्या तंत्रज्ञानाचा त्यांनी एका ओळीत निकाल लावला आणि ते गेले.

बसून बघण्याचं सुख मी उपभोगलं, नाही असं नाही. पण बघायला बसलेल्या माणसाला काय काय दिसतं याची कल्पना भाच्याला नव्हती. आमच्या लॉनला गेटच्या बाजूला थोडा चढ आहे. कोरड्या दिवशी चरणदास तो चढतो. सकाळी दव असलं की अर्ध्यावर चाकं जागच्या जागी फिरतात आणि माती उडते. पुण्याच्या गाड्यांना खंडाळ्याचा घाट चढायला कर्जतला मागून जोडइंजिनं लावतात, तसा चरणदासाला गेटचा चढ चढायला मागून मी लागतो. फरक एवढाच की गाडीला इंजिन लागेपर्यंत प्रवाशांना बटाटेवडा खाता येतो, मला ही तेवढा वेळही देत नाही.

मग तार तुटली. एका सकाळी ठाण्यावरचा दिवा लाल झाला आणि चरणदास बाहेर पडेना. आमच्याकडे घुशी आहेत आणि घुशीला पुरलेली तार म्हणजे आमंत्रणच. तार नेमकी कुठे तुटली हे शोधायचा उपाय भाच्याने व्हिडिओ कॉलवर सांगितला. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ घ्यायचा आणि तारेच्या वरून हळूहळू सरकवायचा. तारेतून वीज जातेय तोवर रेडिओ गुणगुणतो. गुणगुणणं थांबलं की तिथे तार तुटलेली. वडिलांचा ट्रान्झिस्टर माळ्यावरून काढला, सेल घातले आणि मी गुडघ्यांवर आलो. एक हात जमिनीवर, एका हातात ट्रान्झिस्टर, कान त्याला लावलेला, असा मी अंगणाच्या कडेने रांगत निघालो.

नेमका तेव्हाच एक एजंट मुंबईच्या कुटुंबाला शेजारचा प्लॉट दाखवायला घेऊन आला. ते सगळे कुंपणाशी थांबले. त्यातला छोटा मुलगा म्हणाला, “पप्पा, ते अंकल काय ऐकतायत?”

एजंट क्षणभरही गडबडला नाही. “इथले रहिवासी आहेत,” तो म्हणाला. “जमिनीशी जोडलेली माणसं आहेत सगळी.”

मुंबईला जावं लागलं तर चरणदास तिथेही सोडत नाही. काही झालं की तो फोनवर निरोप पाठवतो. एकदा कर्जत लोकलमध्ये डोंबिवलीच्या गर्दीत कसाबसा उभा असताना फोन थरथरला. मी घरी फोन लावला.

“अगं, चरणदास अडकलाय.”

“कुठे?”

“तुळशीवृंदावनापाशी असणार. जरा जाऊन सोडव ना त्याला.”

“मी पोळ्या करतेय. आणि परवा उचलला तर केवढ्याने ओरडला. त्याचा नंबर काय आहे?”

“आपल्या लग्नाचं साल.”

पलीकडे शांतता पसरली. मग ही अगदी गोड आवाजात म्हणाली, “कोणतं ते, तुम्हीच सांगा ना.”

डब्यात सगळे कान देऊन ऐकत होते. ठाणं येईपर्यंत मी वेगवेगळी सालं सांगून पाहिली. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “घरात म्हातारं माणूस एकटं चालायला लागलं की फार काळजी असते हो,” ते म्हणाले. मी मान हलवली. चालणारं तर होतंच, आणि घरात सगळ्यात जास्त लाड त्याचेच होते.

एप्रिल-मे हा चरणदासाचा कर्तबगारीचा काळ. आकाश निरभ्र, जमीन कोरडी, चाकं घसरत नाहीत. अडचण एकच, त्या दिवसांत गवत वाढत नाही. सगळा डोंगर पिवळा पडतो, माथेरानपर्यंत हिरवं म्हणून काही दिसत नाही, आणि हा रोज ठरल्या वेळी बाहेर पडून, न वाढलेलं गवत मनापासून कापून येतो. रिकामा फिरतोय हे आम्हालाच बघवेना. शेवटी मी संध्याकाळी लॉनला पाणी घालायला लागलो. टाकीत पाणी कमी, म्हणून घरात आंघोळीला अर्धी बादली. त्याच्या हाताला काम मिळावं म्हणून आम्ही पारोसे राहायला लागलो.

त्याच दिवसांत हिने कुरडया घातल्या. गच्चीवर माकडं येतात म्हणून अंगणात जुनी साडी अंथरली आणि माझी राखणीला नेमणूक केली. कावळ्यांपासून राखायचं एवढंच मला सांगितलं होतं, आणि कावळा एकही आला नाही. चरणदास मात्र पलीकडून आला, साडीच्या काठावर चढला, काठ चाकात गुंतला आणि वळून तो तडक आपल्या ठाण्याकडे निघाला. मागून साडी, साडीवर कुरडया, त्यांच्यामागे ही, आणि हिच्यामागे मी. वर्षभराच्या कुरडया चार्जिंगला लागल्या.

मग पाऊस आला. चरणदासाच्या डोक्यावर एक सेन्सर आहे. त्याला पाण्याचा थेंब लागला की चरणदास काम टाकून घरी जातो आणि अंग वाळेपर्यंत बाहेर पडत नाही. भाच्याकडे ही सोय फार छान चालते, कारण तिथला पाऊस येतो, थोडा पडतो आणि निघून जातो. कर्जतचा पाऊस जूनच्या मध्यावर येतो तो मुक्कामाला. आषाढी एकादशीला देव झोपले आणि चरणदासही झोपला. बाहेर गवत घोट्याला लागलं, मग पोटरीला लागलं. ढगातून एखादा उन्हाचा कवडसा पडला की तो डोळे उघडायचा, बाहेर डोकवायचा, समोर आपल्यापेक्षा उंच गवत उभं बघायचा, त्याला भिंत समजायचा आणि मागे फिरायचा. आठ महिने गवत नसताना राबायचं आणि चार महिने गवत असताना व्रतस्थ राहायचं, असा त्याने नेम धरला.

शेवटी पेट्रोलच्या मशीनवाल्या त्या मुलालाच फोन केला. भातलावणी संपली होती, म्हणून आला. चरणदासाला जाता येईल एवढं गवत कापून द्यायचं, असं मी त्याला समजावलं.

“म्हणजे मी कापायचं?”

“हो.”

“मग तो काय करणार?”

“तो पावसाळ्यात सुट्टीवर असतो.”

“पगारी?” त्याने विचारलं, आणि आपला भाव वाढवून सांगितला. मी घासाघीस केली नाही. त्याची नेमणूक आता कायम झाली आहे.

चौथा माणूस म्हणजे पलीकडच्या फार्महाऊसचा रखवालदार. श्रावणात एकदा पावसाने रात्री उघडीप दिली, तेव्हा चरणदास दिवा लावून बाहेर पडला. रखवालदाराने गेट बडवून आम्हाला उठवलं. “साहेब, तुमच्या अंगणात काहीतरी रांगतंय.” “मीच असेन,” मी झोपेत म्हणालो. तेव्हापासून रात्री त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम रखवालदाराने घेतलं, अर्थात महिन्याला काही ठरवून. जर्मनीत कोलोनसारख्या शहरात ही यंत्रं रात्री चालवायला बंदी आहे, असं भाचा सांगतो. अंधारात हेजहॉग नावाचे काटेरी अंगाचे छोटे प्राणी त्यांच्याखाली सापडतात म्हणून. आमच्याकडे प्राण्यांना यंत्राची भीती नाही. गल्लीतलं कुत्रं चार्जिंगच्या ठाण्यात मुटकुळं करून झोपतं आणि चरणदास त्याची झोप होईपर्यंत बॅटरी संपवत पावसात उभा राहतो.

गणपतीचं सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. लॉनच्या एका कोपऱ्यात नंबर वनला न जुमानता हरळी उगवली होती. हिने जुलैपासून तिला जपलं होतं, दूर्वांसाठी. त्या मुलाला, मला, कुत्र्याला, सगळ्यांना तिथे पाय ठेवायला बंदी होती. चरणदासाला बंदी करायची तर तार उकरून पुन्हा पुरावी लागते, आणि तो झोपलेलाच असल्यामुळे तशी गरज कोणाला वाटली नाही. हरतालिकेच्या दिवशी दुपारपासून लख्ख ऊन पडलं. ही उपास, वाळूचं लिंग, पत्री यांत होती. मी मखराला दिव्यांची माळ लावत होतो. आणि चरणदास, वर्षभरात प्रथमच कुठेही न अडकता, न घसरता, न ओरडता, सबंध लॉन एकसारखी कापून ठाण्यावर जाऊन उभा राहिला. चतुर्थीच्या पहाटे ही तबक घेऊन अंगणात गेली तर तीन पानांची एक दूर्वा शिल्लक नव्हती. सगळ्या दूर्वा बारीक होऊन मातीत जिरल्या होत्या. त्याचंच खत होतं, हे मी त्या वेळी बोललो नाही.

बाजारात गेलो. दूर्वांच्या जुड्या घेऊन बसलेल्या मावशींकडून आम्ही एकवीस जुड्या घेतल्या. सणाचा दिवस, भाव त्या सांगतील तो. दूर्वा ताज्या होत्या, लांब होत्या, नखाने खुडलेल्या होत्या. हिने कौतुकाने विचारलं, “मावशी, कुठून आणल्या?”

“दहिवलीतून,” मावशी म्हणाल्या. “एका बंगल्याच्या कुंपणामागं मोकळा प्लॉट हाय. तिथं लय माजल्यात.”

यंत्राने कष्ट वाचतात हे मी नाकारत नाही. आमच्याकडे चार माणसं कामाला लागली आहेत आणि चरणदासाला अजिबात त्रास पडत नाही. त्यामुळे तुम्ही बंगला बांधत असाल, लॉन लावत असाल आणि असं यंत्र घेणार असाल तर जरूर घ्या, चौघांचं पोट चालेल. आणि गणपतीत कर्जतला येणं झालं तर आमच्या घरी अवश्य या. येताना पेढे नकोत, फुलं नकोत, नारळही नको. दूर्वांची एखादी जुडी तेवढी आणा. आमच्याकडे लॉन आहे.